मी, ‘जळगादी’ भाग पहिला

मी एक जुना पहिला भाग आहे. दचकू नका, मित्रांनो. जुन्या छत्रीचं आणि जुन्या सायकलीचं मनोगत तुम्ही शाळेत लिहिलं असेल, पण पहिल्या भागाला कोणी कधी बोलायला सांगत नाही. त्याला फक्त एकच प्रश्न विचारतात, आणि तोही त्याच्याविषयीचा नसतो. विचारतात, दुसरा भाग कुठे आहे?

माझं पूर्ण नाव ‘जळगादी : भाग पहिला’. पानं एकशे ब्याऐंशी. त्यातली दोन गहाळ आहेत, पण ती प्रस्तावनेची असल्यामुळे आजवर कोणाच्या लक्षात आलेलं नाही. मुक्काम नागपूर, हुडकेश्वरमधल्या एका लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, समाजभवनातलं वाचनालय, दुसरं कपाट, तिसरा कप्पा. माझ्या एका बाजूला पाककृतींचं पुस्तक आहे आणि दुसऱ्या बाजूला मधुमेहावरचं. त्या दोघांचं आपसात पटत नाही आणि मधल्यामधे मी अवघडून उभा असतो.

मला लिहिलं कुसुम गजभिये यांनी. सगळे त्यांना कुसुमताई म्हणतात. पंचवीस वर्षांपूर्वी त्या नागपुरातल्याच जरीपटका भागाजवळच्या एका शाळेत मराठी शिकवायच्या. शाळा सुटली की रिकाम्या वर्गात तासभर बसून, उत्तरपत्रिकांच्या उरलेल्या कोऱ्या पानांवर त्यांनी मला लिहून काढलं. घरी त्यांची आई होती, मीराबाई. तरुणपणी लांबून डोक्यावर पाणी वाहिलेली आणि एक अक्षरही वाचता न येणारी. मीराबाई तांदूळ निवडत जे बोलायची ते कुसुमताई दुसऱ्या दिवशी शाळेत आठवून आठवून माझ्या नायिकेच्या तोंडी घालायच्या. हे सगळं मला हस्तलिखिताकडून कळलं. ती माझी आई, तेव्हा तिचा शब्द मी खरा मानतो.

माझ्या पोटातली गोष्ट थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एका शहराच्या खाली सात बावड्या, म्हणजे खोल विहिरी, आहेत आणि त्या सातही बावड्यांचं पाणी एका गादीच्या हुकमात आहे. तीच जळगादी. सात पायऱ्या चढून तिच्यावर जो बसेल त्याचं पाणी ऐकतं. पण गादीची एक खोड आहे. तिच्यावर बसणाऱ्याला पुन्हा कधी तहान लागत नाही, आणि मग दुसऱ्याची तहान त्याच्या ध्यानातच राहत नाही. गादीसाठी थोरला कारभारी आणि धाकटी राणी यांच्यात रस्सीखेच चालू असते. तेवढ्यात कळतं की कन्हाई नावाच्या कुंभाराच्या पोरीनं नुसती हाक मारली तरी पाणी वर येतं, कारण ती पाण्याशी आपल्या घरच्या बोलीत बोलते. पाण्याला दरबारी भाषा कळत नाही. मग दोन्ही बाजूंचे लोक तिच्या पाया पडतात, तिला ओढत सातव्या पायरीवर नेतात आणि म्हणतात, बस. कन्हाईला बसायचं नसतं. ती वळून म्हणते, “मले नाही बसाचं. पहिले सांगा, हे पानी कोनाचं हाय?” इथे मी संपतो.

म्हणजे हस्तलिखित असं संपत होतं. मी असा संपत नाही. माझ्या शेवटच्या पानावर कन्हाई म्हणते, “मला बसायचे नाही. आधी सांगा, हे पाणी कोणाचे आहे?”

त्याचं असं झालं. माझी छपाई परगावी झाली. तिथल्या मुद्रितशोधकांनी मन लावून काम केलं. मनानं ते वाईट नव्हते, नुसतेच काटेकोर होते. त्यांना जिथे जिथे ‘मले’ दिसलं तिथे त्यांनी ‘मला’ केलं, ‘काहून’चं ‘का’ केलं आणि ‘वं’ दिसला की ‘ग’. कन्हाईची पाण्याला हाक होती: ‘ये वं माय, ये वं बाई, तुले कोनाची बंदी नाई.’ ती झाली: ‘ये ग आई, ये ग बाई, तुला कोणाची बंदी नाही.’ तपासायला आलेली पानं कुसुमताईंनी पाहिली. पण त्या पडल्या मराठीच्या शिक्षिका. रोज साठ वह्यांमधले ‘मले’ लाल शाईनं खोडून त्यांचे ‘मला’ करणं हेच त्यांचं काम होतं, आणि ते त्या मन लावून करायच्या. स्वतःच्या पुस्तकात तेच झालेलं पाहून त्यांना उलट ओशाळल्यासारखं झालं. आपल्याकडूनच अशा चुका राहाव्यात, असं वाटलं. त्यांनी सही केली आणि खाली लिहिलं, योग्य ते करावे, आपला अधिकार मोठा.

मी छापून आलो तेव्हा काय थाट होता माझा! निळं मुखपृष्ठ, त्यावर सात पायऱ्या, मागच्या बाजूला कुसुमताईंचा चष्म्यातला फोटो. शाळेत माझं वाचन झालं. मुलांची पत्रं आली, आणि सगळ्या पत्रांत शेवटी तेच, दुसरा भाग कधी? मीही विचारत होतो. पाठीवर ‘भाग पहिला’ असं लिहिलेलं असलं की मन सारखं कोणाची तरी वाट बघतं. धाकटं भावंड येणार असं घरात सगळे बोलत असावेत आणि पाळणा मात्र कोणीच काढू नये, असं माझं झालं होतं.

एका रविवारी दुपारी कुसुमताई मला घेऊन मीराबाईजवळ बसल्या. मी त्यांची स्वतःची प्रत होतो. त्यांनी आईला पहिल्या पानापासून वाचून दाखवलं. मीराबाई तांदूळ निवडत मन लावून ऐकत होती. कन्हाई पहिल्यांदा बोलली तेव्हा तिनं मान वर केली. दहा-बारा पानं झाल्यावर तिनं विचारलं, “कुसुम, हे कोन बाई हाय वं?”

“कन्हाई हाय, माय. कुंभाराची पोर. तुयासारखीच बोलते,” कुसुमताई म्हणाल्या.

मीराबाईनं तांदळातला एक खडा वेचून टाकला. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. ती म्हणाली, “चांगली हाय. पण आपल्याकडली नाही वाटत.” आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.

कुसुमताईंनी मला मिटलं. त्यांचा हात माझ्या मुखपृष्ठावर कितीतरी वेळ होता. पुढच्या वर्षी मीराबाई गेली. आपण कोणाच्या पुस्तकात आहोत हे तिला कधी कळलं नाही. त्यानंतर कोणी दुसऱ्या भागाबद्दल विचारलं की कुसुमताई म्हणायच्या, “आता कन्हाई माझ्याशी बोलत नाही.” लोकांना वाटायचं लेखिकांचं असंच असतं. मला मात्र माहीत होतं की ती का बोलत नाही. मी स्वतःच त्याचं कारण होतो आणि तरीही दुसऱ्या भागाची वाट बघत होतो. हे ओझं सोपं नव्हतं, मित्रांनो.

कुसुमताई निवृत्त होऊन हुडकेश्वरला राहायला आल्या आणि त्यांनी घरातली पुष्कळ पुस्तकं इथल्या वाचनालयाला दिली. त्यांत मीही आलो. तेव्हा वाचनालय वामनराव बघायचे. ते स्वतः फक्त वर्तमानपत्र वाचायचे, पण पुस्तकांना कव्हरं फार छान घालायचे. पहिली काही वर्षं मुलं मला नेत. आठवडाभर मी कोणाच्या तरी उशीजवळ असायचो. पुढे ती मुलं नळाजवळ उभी राहून माझ्यातला मंत्र म्हणायची, ‘ये ग आई, ये ग बाई’. नळाला तो कधीच लागू पडला नाही. मग मुलं मला परत करायला येत आणि तोच प्रश्न विचारत. वामनराव म्हणायचे, “नाही गा, त्याचा दुसरा भागच नाही.” आहे, पण अजून आलेला नाही, असं म्हणाले असते तर मला इतकं लागलं नसतं.

मग मोबाइल आले. माझी पाठ उसवली, तिला तपकिरी चिकटपट्टी लागली. एका उन्हाळ्यात तर मला कॅरम बोर्डच्या स्टँडखाली टेकू म्हणून घातलं होतं. तो उन्हाळा मी विसरायचं ठरवलं आहे.

गेल्या वर्षी वामनराव थकले आणि वाचनालय त्यांच्या सुनेकडे, मयुराकडे आलं. तिला ते नको होतं. समितीच्या बैठकीत सगळे एकमेकांकडे बघत बसले आणि शेवटी समितीचे अध्यक्ष भैय्याजी म्हणाले, “मयुरा आहे ना, ते करन.” ती ‘नाही’ म्हणायच्या आत टाळ्या पडल्या. अशी ती वाचनालयाची प्रमुख झाली. पण एकदा किल्ली हातात आल्यावर तिनं कपाटं पुसली, झुरळांचा बंदोबस्त केला आणि मला टेकूच्या नोकरीतून सोडवलं. त्याच आठवड्यात खुशीनं मला नेलं.

खुशी सातवीत आहे. ती मला चार दिवसांत वाचून परत घेऊन आली. मयुरानं पानं चाळली आणि तिचा चेहरा बदलला. पानापानावर पेन्सिलीच्या खुणा होत्या.

“हे काय करून ठेवलं वं खुशी? वाचनालयाच्या पुस्तकात लिहितात काय?”

“ताई, चुकलं होतं ते. मी बरोबर केलं,” खुशी म्हणाली.

“काय चुकलं होतं?”

“कन्हाईचं बोलणं. पुस्तकातच लिहिलं आहे ना, ती घरच्यासारखी बोलते म्हणून पाणी येते. मंग ती ‘मला मला’ काहून करते? असं तर कारभारी बोलतो. मतलब पाणी येईनच कसं?”

मयुरा खाली बसली. तिनं एकेक पान पाहिलं. जिथे जिथे कन्हाई बोलते तिथे तिथे खुशीनं बारीक अक्षरात वर लिहिलं होतं, मले, तुले, काहून, वं. कन्हाई सोडून दुसऱ्या कोणाच्या बोलण्याला तिनं हात लावलेला नव्हता. आणि मित्रांनो, कितीतरी ठिकाणी ते हस्तलिखिताशी अक्षरशः जुळत होतं. अंगावर पेन्सिल चालली की पुस्तकाला अपमान वाटतो. मला त्या दिवशी बरं वाटत होतं.

कुसुमताई दोनच गल्ल्या पलीकडे राहतात हे मयुराला माहीत होतं. संध्याकाळी दोघी मला घेऊन त्यांच्याकडे गेल्या. इतक्या वर्षांनी मी त्या हातात गेलो. आता त्या हाताच्या शिरा वर आल्या होत्या आणि वाचायला त्यांना भिंग लागत होतं. त्यांनी भिंग धरून शेवटचं पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं, “मले नाही बसाचं. पहिले सांगा...” पुढे त्यांना वाचवेना. पदर डोळ्यांना लावून त्या म्हणाल्या, “हे माया मायचं बोलणं हाय.”

मयुरा पाणी घेऊन आली. खुशीला मात्र धीर नव्हता. तिनं विचारलं, “आजी, मंग दुसऱ्या भागात काय होते? ती बसते काय गादीवर?”

“दुसरा भाग नाही, बेटा. आता डोळे नाहीत. आणि माझ्या हातानं तिचं एकदा नुकसान झालं आहे. मी पुन्हा तिच्या वाटेला जाणार नाही.”

हे ऐकून मी हताश झालो. पण खुशी हताश होणाऱ्यांतली नाही. आठ दिवसांनी ती एक वही घेऊन आली. मी अजून कुसुमताईंच्या टेबलावरच होतो, त्यामुळे पुढचं सगळं मी स्वतः पाहिलं. खुशीनं दुसरा भाग लिहायला घेतला होता. तिनं उभ्यानंच वाचून दाखवलं. त्यात कन्हाई गादीवर बसते, कारभाऱ्याचं बेडूक करते, राणीला भांडी घासायला लावते आणि सगळ्या शहरावर राज्य करते.

कुसुमताई आधी हसल्या. मग अस्वस्थ झाल्या. मग म्हणाल्या, “नाही वं पोरी. ती असं नाही करणार.”

“काहून?”

“ती गादीवर बसली तर तिची तहान जाईन. तहान गेली तर ती कन्हाई नाही राहत.”

“मंग काय करते ती?”

कुसुमताईंनी खुशीला समोर बसायला खुणावलं. खिडकीतला कूलर घरघरत होता. मी श्वास धरून ठेवला, म्हणजे पुस्तकाला जमतो तितका. मग त्या हळूच म्हणाल्या, “लिही.”

सगळा उन्हाळा त्या सांगत होत्या आणि खुशी लिहीत होती. बाहेर इतकं ऊन असायचं की गल्लीत कुत्रंही दिसायचं नाही. त्या दोघी आणि मी, मधे पाण्याचा माठ. दुसऱ्या भागात राणी कन्हाईला म्हणते, गादीजवळ राहायचं तर बोलणं सुधार. कन्हाई भोळेपणानं दरबारी भाषा शिकते, कारण शहाण्या लोकांचा अधिकार मोठा असं तिला वाटतं. मग ती बावडीवर जाऊन हाक मारते आणि पाणी वळूनही बघत नाही. ती घरी जाते, तर तिची माय दारातून विचारते, कोन बाई हाय? हे सांगताना कुसुमताईंनी तोंड भिंतीकडे वळवलं. खुशीनं लिहिणं थांबवलं नाही, फक्त दुसऱ्या हातानं त्यांचा पदर धरून ठेवला.

मे महिना संपता संपता तीन वह्या भरल्या. मयुरानं उत्साहानं त्याबद्दल मोबाइलवर लिहिलं आणि पंधरा दिवसांत एका प्रकाशनाचा सौरव नावाचा तरुण माणूस परगावाहून आला. त्यानं वह्या तिथेच बसून वाचल्या, दोनदा चष्मा पुसला. मग म्हणाला, “मॅडम, आम्ही दोन्ही भाग छापतो. रंगीत चित्रं, जाड कव्हर. सगळ्या महाराष्ट्रात जातील.”

माझ्या पानापानांत आनंद झाला. जाड कव्हरचा भाऊ!

“फक्त एक करावं लागेल,” सौरव म्हणाला. “कन्हाईचे संवाद थोडे प्रमाण मराठीत घेऊ. बाहेरच्या मुलांना अडेल. गोष्टीला धक्का लागणार नाही.”

खरं सांगतो, मित्रांनो, मी मनात म्हणालो, हो म्हणा. तुम्हाला माझा राग येईल, पण इतकी वर्षं पाककृती आणि मधुमेह यांच्यामधे उभं राहून बघा. मला दुसरा भाग हवा होता, कसाही. कुसुमताईंनाही हवा होता. जाड कव्हर ऐकल्यावर त्यांचे डोळे कसे झाले ते मी पाहिलं. त्यांनी आयुष्यात कोणत्याच शहाण्या माणसाला नाही म्हटलेलं नव्हतं.

पण त्या म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही वह्या वाचल्या ना? कन्हाईचं बोलणं बदललं की पाणी जाते, हीच तर गोष्ट आहे. तेच बदललं तर मंग पुस्तकात उरन काय?”

“मला पटतं मॅडम. पण आमच्या वरिष्ठांना नाही पटणार,” सौरव म्हणाला. “तुम्ही विचार करा. अशी संधी...”

“एकदा विचार न करता सही केली होती,” कुसुमताई म्हणाल्या. “माया मायले तिचंच पुस्तक अनोळखी झालं. आता मी सही नाही करत.”

एवढं बोलून त्या इतक्या घाबरल्या की त्यांनी लगेच त्याला पोहे खाऊन जायला सांगितलं. तो पोहे खाऊन, वाकून नमस्कार करून गेला. गल्लीच्या टोकापर्यंत त्याची बॅग दिसत होती आणि माझा दुसरा भाग तिच्यात नव्हता. मला रडू येत होतं. कुसुमताई दारातच बसल्या. खुशीला वाटलं त्यांना पस्तावा झाला. पण त्या म्हणाल्या, “चौथी वही आण. शेवट राहिला हाय.”

शेवट असा आहे. कन्हाई घरी परतते, मायजवळ बसून पुन्हा बोलायला शिकते आणि पाणी तिला ओळखतं. कारभारी आणि राणी तिला पुन्हा सातव्या पायरीवर उभी करतात. ती बसत नाही. ती कुंभारवाड्यातल्या बायांना कुदळी घेऊन बोलावते आणि गादीच्या त्याच सात पायऱ्या उखडून बावडीच्या आत, खालच्या बाजूला बसवायला लावते. आता त्या पायऱ्या कोणाला वर नेत नाहीत. ज्याला तहान लागेल तो उतरून पाणी पितो. मागून कोणीतरी विचारतं, आता हुकूम कोणाचा? कन्हाई म्हणते, “जो तहानला त्याचा.”

मयुरानं चारही वह्या दाभणानं एकत्र शिवल्या. खुशीनं पुठ्ठ्यावर निळा रंग लावला आणि वर लिहिलं, ‘जळगादी : भाग दुसरा’. त्यात ‘दुसरा’मधला उकार जरा जास्तच लांब गेला आहे. मयुरानं त्याला नोंदवहीत क्रमांक दिला, मधुमेहाला एक कप्पा खाली पाठवलं आणि तो माझ्या शेजारी ठेवला. त्याला रंगाचा वास येत होता. त्याची पाठ माझ्या पाठीला लागली. मी त्याला पुष्कळ सांगायचं ठरवलं होतं. मीराबाईबद्दल, माझ्या चुकीबद्दल. काहीच सुचलं नाही. आम्ही नुसते टेकून उभे राहिलो.

दुसऱ्या दिवशी खुशीच्या वर्गातली पायल त्याला घेऊन गेली. तिच्याकडून गुंजनकडे, गुंजनकडून तिच्या मावशीकडे, नागपूरच्या महाल भागात. त्याची एकच प्रत आहे आणि नंबर लावून बसलेली अकरा मुलं. मी पडू नये म्हणून मयुरानं बाजूला एक वीट उभी केली आहे. मला त्याची ओढ वाटते का? पूर्वीपेक्षा जास्त. पूर्वी जो नव्हता त्याची वाटायची, आता जो आहे त्याची वाटते. त्याचा आजचा पत्ता मला माहीत असतो एवढाच फरक आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी ‘मले’ म्हणत असेल तर त्याला खोडू नका. वही आणा, त्याच्याजवळ बसा आणि तो बोलतो तसंच लिहून घ्या. माणूस हयात असतानाच लिहून घ्या आणि त्याला वाचून दाखवा. आणि माझा भाऊ तुमच्या घरी आला तर त्याची पानं दुमडू नका, तेलकट हात लावू नका. पण परत करायची घाईही करू नका. सावकाश वाचा. मी थांबेन, मला सवय आहे.